किनाऱ्यावरील हिरवळ



अंगणांत हिरवळ असावी ही हौस आतां केवळ बंगलेवाल्यांची राहिलेली नाहीं. चिंचणीस समुद्राच्या बाजूला घर असणारे गृहस्थही ज्येष्ठ लागतांच बियांची पुडी आणून अंगण उकरूं लागतात. मींही एके वर्षीं असेंच केलें. मृगाच्या सरींत बीं पेरलें. आणि पाऊस उघडला तेव्हां अंगण उघडें बोडकें, तर कुंपणापलीकडच्या गटारांत मात्र हिरवीगार लव उगवलेली!

दोष बियांचा नव्हता, मुहूर्ताचा होता. हरळीचें बीं अत्यंत बारीक. एका किलोंत तें वीस लाखांहून अधिक भरतें. आणि आपल्या या किनारपट्टीवर पावसाळ्यांत सुमारें २००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. रेताड जमिनीवर त्या धारांपुढें तें टिकावें कसें? म्हणून माझें सांगणें असें कीं, पाऊस येण्याची नव्हे, तर तो सरण्याची वाट पाहावी. घरोघर घट बसतात, तोच या पेरणीचा काळ. जमीन ओली असते, ऊन मोकळें असतें आणि हवेंत ऊबही असते.

पुडीवरचें ‘बर्म्युडा’ हें परदेशी नांव वाचून दबून जाऊं नये. गणपतीस वाहतों ती दूर्वा आणि शेतकरी जिला शिव्या देतो ती हरळी, ती हीच. एके ठिकाणीं पूजा, दुसरे ठिकाणीं कुदळ! थंड देशांतील राय व फेस्क्यू या गवतांच्या चित्रांस मात्र भुलूं नये. आपल्या वैशाखांत तीं टिकत नाहींत. हरळी खारा वारा व थोडें मचूळ पाणी सोसते, सावली सोसत नाहीं. सुरूंच्या खालीं ती लावण्याचा हट्ट धरूं नये.

पावसाळाभर जमीन रिकामी ठेवून लव्हाळा गाठींसकट खणून काढावा. येथें आळस केला तर त्याचें प्रायश्चित्त वर्षानुवर्षें भोगावें लागतें. मग चांगलें कुजलेलें शेणखत मिसळून जमीन फळीनें सारखी करावी. १०० चौरस फुटांस ७० ते ८० ग्रॅम बीं चौपट कोरड्या वाळूंत कालवावें. वाळू नदीची हवी, समुद्राची नको. अर्धें उभें, अर्धें आडवें असें विखरून, पाव इंचाहून खोल न पुरतां, हलकेंच दाबावें. झारीनें दिवसांतून दोनतीनदां शिंपण करावें. एक ते तीन आठवड्यांत अंकुर दिसतात. तोंवर माती सुकूं देऊं नये.

गवत रुजलें म्हणजे मात्र पाण्याचा हात आखडावा. किनाऱ्याजवळच्या विहिरींतून उपसा फार झाला कीं गोड्या पाण्याखालचें खारें पाणी वर चढतें, आणि तें शेजारच्या वाडीलाही बाधतें. तीनचार दिवसांनीं एकदां, पण खोल मुरेल असें पाणी द्यावें. तेवढ्यानें भागत नसेल तर हिरवळच निम्मी करावी.

गवत दोनअडीच इंच झालें कीं धारदार पात्यानें कापावें. एका वेळीं तिसऱ्या हिश्शाहून अधिक नको. वैशाखांत तें पिवळें पडलें तरी उपटूं नये. मुळें जिवंत असलीं तर मृगाच्या सरीनें तें पुन्हां हिरवें होतें, आणि या खेपेस गटारांत वाहून जात नाहीं.