नातवासह टूवूंबाची सहल
(महिला मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



आपल्यापैकी कित्येकींची मुले परदेशी आहेत. आपण त्यांच्याकडे जातो, नातवंडांना मांडीवर घेतो आणि सुटीच्या दिवशी कोठे जावे, हा प्रश्न उभा राहतो. गेल्या सप्टेंबरात मी ब्रिस्बेनला मुलीकडे होते. तेव्हा दोन वर्षांच्या नातवाला घेऊन केलेल्या टूवूंबाच्या सहलीची हकीकत सांगावी, असे चिटणीसबाईंनी सुचविले. त्या सहलीत माझ्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्यावाचून हकीकत पुरी होणार नाही.

टूवूंबा हे ब्रिस्बेनच्या पश्चिमेस सुमारे १२५ किलोमीटरांवर, ग्रेट डिव्हायडिंग रेंज या पर्वतरांगेच्या माथ्यावर वसलेले शहर. उंची सुमारे ७०० मीटर, म्हणजे आपल्या लोणावळ्याहून थोडी अधिक. वाटेत लॉकियर खोऱ्यातील भाजीपाल्याची सपाट शेते लागतात आणि विथकॉट गाव मागे पडले की घाट सुरू होतो. बोरघाटात कानांना दडे बसतात तसे येथेही बसतात. अशा वेळी मुलाला घोट घोट पाणी पाजावे. क्वीन्सलँडच्या कायद्याप्रमाणे चार वर्षांखालील मुलास मोटारीत पट्ट्यांच्या स्वतंत्र आसनात बसवावे लागते. आजीची मांडी तेथे चालत नाही.

शब्बाथ आटोपल्यावर शनिवारी रात्री मी यादी केली. १९५० पासून दर वसंतात भरणाऱ्या पुष्पोत्सवासाठी सजलेली क्वीन्स पार्क आणि लॉरेल बँक पार्क ही उद्याने. घोडागाड्यांचे कॉब अँड को संग्रहालय. क्योतोचे प्राध्यापक किन्साकू नाकाने यांनी आखलेले, १९८९ साली खुले झालेले जु राकु एन हे जपानी उद्यान. आणि शेवटी पिकनिक पॉइंटवरून दरीचे दर्शन. एकोणिसाव्या शतकात या गावात आपल्या धर्मबांधवांचे लहानसे सिनेगॉग होते. त्याची जागाही पाहावी, असे मनात होते. एका दिवसात सहा ठिकाणे!

क्वीन्स पार्कमध्ये ट्यूलिप, पॅन्सी आणि पॉपी यांचे गालिचे पसरलेले होते. नातवाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याला एका नळाखाली साचलेले डबके सापडले. तो त्यात काडी बुडवी, बाहेर काढी, पुन्हा बुडवी. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मी घड्याळाकडे पाहत होते. शेवटी मी त्याचा हात धरून ओढले. त्याने जो टाहो फोडला, तो मोटारीत झोप लागेपर्यंत थांबला नाही. मुलगी आणि जावई दोघेही गप्प होते.

यादीतली मधली ठिकाणे सोडून आम्ही सरळ पिकनिक पॉइंटला गेलो. समोर सपाट माथ्याचा टेबल टॉप डोंगर, खाली निळसर दरी. जावईबापू झोपलेल्या मुलाजवळ मोटारीत थांबले. मी बाकावर पोळ्या, उकडलेली अंडी आणि बटाट्याची भाजी काढली. तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, “आई, तो डबक्याशी खेळत होता ना, तेव्हा मी झाडाखाली नुसती बसले होते. कित्येक महिन्यांत अशी बसले नव्हते.”

भगिनींनो, ते ऐकून घास माझ्या घशात अडकला. मी फुले पाहिली, घड्याळ पाहिले. माझी मुलगी मात्र मला दिसली नव्हती.

मला आमच्या लहानपणीची खंडाळ्याची यात्रा आठवली. हे खंडाळे अलिबागजवळचे, एलियाहू हन्नाबीच्या खडकाचे. मुंबईहून बोटीने रेवसला उतरायचे आणि पुढे गाडीने जायचे. बरोबर मावशा, आत्या, काक्या असत. धाकट्या भावाला कोणी ना कोणी उचलून नेई आणि मलिद्याची तयारी होईपर्यंत माझी आई निवांत पाय पसरून बसे. तिला ती विश्रांती कोणाकडे मागावी लागली नाही. ब्रिस्बेनला माझ्या मुलीजवळ मावशी नाही, आत्या नाही. ती उणीव भरून काढण्यासाठीच तर मी तेथे गेले होते.

मूल जागे झाल्यावर मी त्याला घेऊन खाली बसले. आम्ही दोघांनी दगड गोळा केले; मी त्याला मराठीत दहापर्यंत मोजून दाखविले, त्याने तीनपर्यंत मोजले. मुलगी आणि जावई दरीच्या कडेने लांबवर फिरून आले. उजेड असतानाच आम्ही घाट उतरलो.

ज्या भगिनी मुलांकडे जाणार आहेत, त्यांना एवढेच सुचविते. लहान मूल बरोबर असेल तर दिवसाला एकच ठिकाण ठरवावे, फार तर दोन. मुलाच्या झोपेची वेळ प्रवासात जाईल असे निघावे. जादा कपड्यांचे दोन जोड, टोपी आणि घरचा डबा घ्यावा. माथ्यावर वारा गार असतो म्हणून स्वेटर विसरू नये. आणि मूल रमले की आईला सांगावे, “तू बैस, मी आहे.”

जु राकु एन उद्यान पाहावयाचे राहिले. पुढच्या खेपेस जाऊ. नातू म्हणेल तितका वेळ थांबू.