झरा, आगगाडी आणि गाव



इंदुरात वाढलेल्या आम्हां मंडळींना धर्मादाय म्हटले की प्रथम आठवतात त्या अहल्याबाईंच्या विहिरी आणि घाट. पाणी लागले की ते बांधून काढावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास मोकळे ठेवावे, ही आमच्या घराघरांतली समजूत. आज ज्या गावाची हकीकत आपणांपुढे ठेवायची आहे, तेथे पाण्याचा मामला निराळ्या वळणाने गेला. ते गाव म्हणजे अमेरिकेतील लास व्हेगास. त्याच्या जुगाराची कीर्ती आपण ऐकलीच असेल; ती घटकाभर बाजूस ठेवू.

नेव्हाडाच्या त्या वाळवंटात वर्षाकाठी जेमतेम चार इंच पाऊस पडतो. तशा रखरखाटात जमिनीतून आपोआप उसळणारे झरे होते आणि त्यांच्या पाण्यावर हिरवे गवत माजे. म्हणून स्पॅनिश वाटसरूंनी नाव ठेवले लास व्हेगास, म्हणजे कुरणे. पायूट लोक तर त्यापूर्वी कित्येक पिढ्या या पाण्यावर जगत होते. १८४४ साली फ्रेमाँट येथे मुक्काम करून गेला. १८५५ साली मॉर्मन पंथीयांनी ओढ्याकाठी गढी बांधली आणि दोनच वर्षांत सोडली. पुढे शेतमळे झाले.

परंतु गाव काही वसले नाही. ते वसवले आगगाडीने. वाफेच्या इंजिनाला वाटेत पाणी लागते, आणि लॉस एंजेलिस ते सॉल्ट लेक या लांब वाटेवर ते येथे होते. सेनेटर विल्यम क्लार्क यांच्या रेल्वेने १९०२ साली हेलन स्ट्यूअर्ट या विधवा बाईंचा मळा पाण्याच्या हक्कासकट विकत घेतला. पुढे रुळांच्या पश्चिमेस मॅकविल्यम्स नावाच्या मोजणीदाराने आपली वसाहत मांडली. तंबू, दुकाने, सारे काही होते. झरा मात्र क्लार्कांकडे. १५ मे १९०५ रोजी रेल्वेने पूर्वेकडील भूखंडांचा लिलाव पुकारला आणि बरेच दुकानदार बिऱ्हाड उचलून रुळांपलीकडे गेले. आमच्या मते त्या गावाचा खरा पायाचा दगड हाच.

पाणी लाकडी नळांतून गावात येई. ते नळ ठिकठिकाणी गळत. शिवाय विंधण घेतली की पाणी स्वतःच्या जोराने वर उसळे, आणि कित्येक विहिरी रात्रंदिवस उघड्याच वाहत राहिल्या. फुकट वाहणाऱ्या पाण्याला झाकण घालावे असे कोणास वाटेना! (आपल्या गल्लीतील सार्वजनिक नळाची आठवण येथे ज्याने त्याने करावी.)

जमिनीखालचे पाणी खाली खाली गेले. १९६२ साली झरे आटले. आता त्या शहराचे सुमारे नऊ दशांश पाणी कोलोरॅडो नदीवरील मीड जलाशयातून येते. झऱ्यांची जागा जपून तेथे २००७ साली संग्रहालय व उद्यान उघडण्यात आले.

या झऱ्यांत बोटाएवढा एक मासा असे. जगात अन्यत्र तो कोठे नव्हता. शास्त्रज्ञांनी त्याला शास्त्रीय नाव दिले ते १९८४ साली, जपून ठेवलेल्या नमुन्यांवरून. जिवंत मासा तेव्हा एकही उरला नव्हता.