इंग्रजीत बोलण्याची परीक्षा : घोकलेले आणि आपले



महाड-पोलादपूरकडची मुले पूर्वी शिकून मुंबईस जात. आता कोणी परिचारिका म्हणून, तर कोणी इंजिनिअरिंगच्या पुढल्या शिक्षणासाठी इंग्लंडला नाहीतर ऑस्ट्रेलियाला जाऊ पाहतात. त्या वाटेवर बहुधा एक परीक्षा द्यावी लागते. तिचे नाव आयेल्ट्स. ती १९८९ साली सुरू झाली. आपल्या लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठही त्याच सालचे. परीक्षेची फी एका वेळेस पंधरा हजार रुपयांहून अधिक पडते. हवे तेवढे गुण मिळाले नाहीत, तर पुन्हा फी आणि पुन्हा मुंबई-पुण्याची खेप! म्हणून तयारी कशी करावी, एवढाच आजचा विषय.

या परीक्षेत मुले सर्वांत अधिक भितात ती बोलण्याला. खरे पाहता हे संभाषण अकरा ते चौदा मिनिटांचेच असते. आरंभी घर, गाव, कॉलेज यांविषयी साधे प्रश्न येतात. मग एक कार्ड हाती देतात. एक मिनिट विचार करायचा आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायचे. शेवटी त्याच विषयाची थोडी खोलवर चर्चा होते. गुण चार गोष्टींना मिळतात : बोलण्याचा ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. साहेबासारखा हेल काढायची गरज नाही. उच्चार समजला म्हणजे झाले. आणि तुमचे मत बरोबर की चूक, हे तर तेथे कोणी तपासतच नाही.

तरीही मुले काय करतात? 'माझे कॉलेज' या विषयावरचे छापील उत्तर पाठ करतात. परिसर विस्तीर्ण आहे, ग्रंथालय समृद्ध आहे, वगैरे वगैरे. परीक्षक ऐकून घेतो आणि सहज विचारतो, "त्या ग्रंथालयात तुम्ही शेवटचे पुस्तक कोणते वाचलेत?" झाले, गाडी अडली! पाठ केलेले बोलणे ओळखण्याची सवय परीक्षकाला असते. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

याचे कारण मानसशास्त्र सांगते. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन पंडिताने अर्थहीन अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून पाहिल्या आणि आपले निष्कर्ष १८८५ साली प्रसिद्ध केले. अशा पाठांतराचा मोठा भाग एका दिवसातच निसटतो, असे त्याला आढळले. ज्या वाक्यांशी आपला संबंध नाही, ती या अक्षरांच्याच जातीची समजा. पुढे २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी धडा पुनःपुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून, पुस्तक मिटून, आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवणारे पुढे गेले. तात्पर्य, पाहून वाचण्यापेक्षा न पाहता सांगणे हीच खरी तालीम.

मग वरंधच्या मुलाने कॉलेजविषयी काय सांगावे? जे आहे तेच. मी रोज वरंधहून महाडला एस.टी.ने जातो. पावसाळ्यात घाटात दरड कोसळते आणि भोरकडची वाट बंद होते. २०२१ च्या जुलैत सावित्रीच्या पुराचे पाणी महाड शहरात शिरले, तेव्हा लोकांचे काय हाल झाले, हेही सांगावे. वाक्ये लहान असू द्यावीत. यावर कोणताही उलटप्रश्न आला तरी उत्तर तुमच्यापाशी असणारच.

आता समजा, प्रश्न मनाविषयी आला : माणसे गोष्टी का विसरतात? तेथे एबिंगहाऊसचे नाव घेण्याची गरज नाही. आधी मत सांगा, मग कारण, मग उदाहरण. 'ज्या गोष्टीत मन असते, ती लक्षात राहते. माझी आजी चष्मा कोठे ठेवला ते विसरते. पण चाळीस वर्षांपूर्वी कोणत्या खाचरात कोणते भात लावले होते, ते बिनचूक सांगते.' इतके सोप्या इंग्रजीत बोलता आले, की उत्तराला अंग आले.

शिक्षकबंधुभगिनींनो, तुमच्यासाठी दोन शब्द. रोज तासाच्या शेवटी पाच मिनिटे काढा. चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहा. एकाने उचलावी, एक मिनिट विचार करावा आणि वर्गासमोर बोलावे. बोलताना मध्येच चूक काढू नका. ती मागाहून सांगा. मात्र एक अनपेक्षित प्रश्न अवश्य विचारा. रॉबर्ट झायोंक यांनी १९६५ साली मांडले, की चार माणसे पाहत असली म्हणजे सरावाचे काम अधिक चांगले होते आणि कच्चे काम अधिक बिघडते. तेव्हा लोकांसमोर बोलण्याची सवय वर्गातच लागू द्या. घरी मुलांनी मोबाइलवर आपले बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐकावे.

आपल्या वरंधच्या जवळच शिवथरघळ आहे. समर्थांचा दासबोध तेथे सिद्ध झाला, अशी परंपरा आहे. त्या ग्रंथाची रचना गुरू आणि शिष्य यांच्या संवादाची आहे. ऐकणारा शंका विचारतो आणि विषय पुढे सरकतो. बोलण्याची परीक्षाही अशीच समजावी. समोरचा विचारतो तो आपल्याला अडवावे म्हणून नव्हे, आपण पुढे बोलावे म्हणून. आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या विद्यार्थ्याला एक प्रश्न विचारा आणि तो अडखळला तरी शेवटपर्यंत ऐकून घ्या.