सहा, सहा, सहा, चार



मी शेतकरी माणूस, शाळा चौथीपर्यंत. छंदशास्त्र मले येत नाही. पण अभंग बोटावर मोजता येते, तेवढं सांगतो.

मोठ्या अभंगाचे चार चरण. पहिल्या तिन्हीत सहा सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळते. लहान अभंगाचे दोन चरण, आठ आठ अक्षरांचे. ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं. 'विठ्ठल' म्हटलं की तीन झाली. ज्ञानोबारायांच्या ओवीत अक्षरं कमी-जास्त चालतात; तिथं तीन चरणांना यमक आन् चौथा तोकडा.

आता अभंगाच्या चौथ्या चरणात दोन अक्षरं कमी, मग टाळ चुकत काहून नाही? ती जागा गळ्यानं भरायची असते. अक्षर लांबवलं की ठेका पुरा होते. तरणेपणी मी तिथं 'देवा' घुसवत होतो. मृदंगी नुसतं माझ्याकडे पाहे.

यंदा या पुस्तकासाठी दिंडीची जुनी वही काढली. वारीत भिजलेली, एका चरणातला शब्द पार पुसला. पोरांनी मनानं एक शब्द टाकला, अर्थाले फक्कड बसला. मी बोटं मोजली, सात भरली. संतांच्या अभंगातही कुठं कुठं सात सापडतात, पण ती मुभा त्यांची. आन् सहा भरली असती तरी शब्द संतांचा कशावरून? ती जागा कोरीच ठेवली. कोण्या माउलीच्या पाठांतरात असेल तर मलकापुरात येऊन म्हणून दाखवावं, मोजून घेऊ.