समदुःखी सोबती

ताप येतो आणि जातो. पाहुण्याप्रमाणें त्याचा मुक्काम थोडक्या दिवसांचा असतो. संधिवात, मधुमेह, दमा, हृद्रोग यांची गोष्ट निराळी. हीं दुखणीं एकदां घरांत शिरलीं म्हणजे घरचींच होऊन बसतात. डॉक्टरची भेट घटकाभराची. बाकीचा सारा काळ रोग्यानें आपल्याच बळावर काढावयाचा. त्या काळांत त्याला सोबत कोणाची?

अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत केट लोरिग या विदुषीनें १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस या प्रश्नाला एक धीट उत्तर दिलें. त्या मूळच्या परिचारिका. लहानपणापासून एक आनुवंशिक विकार त्यांच्याही वाट्यास आलेला. संधिवाताच्या रोग्यांसाठीं त्यांनीं वर्ग काढले, आणि ते चालविण्यास डॉक्टरांऐवजीं सामान्य माणसें तयार केलीं. त्यांतील पुष्कळांना संधिवातच होता. पुढें इतर जुनाट दुखण्यांसाठींही असाच वर्ग सुरू झाला. मुदत सहा आठवड्यांची. आठवड्यांतून एकदां अडीच तास. माणसें दहा-पंधरा आणि चालक दोन.

परंतु दुखणें सोसलें एवढ्यानेंच कोणी सल्लागार होत नाहीं. उलट, ‘मला अमुक औषध लागू पडलें, तुम्हीही तेंच घ्या,’ असें सांगण्याचा मोह अनुभवी रोग्यालाच अधिक. म्हणून चालकांना चार दिवस शिक्षण देत. त्यांत ते एकमेकांसमोर पाठ घेऊन पाहत. औषधोपचार सुचवावयाचा नाहीं, हा तेथला दंडक. कोणी अडचण मांडली तर चालकानें आपलें उत्तर पुढें न करतां ती प्रथम वर्गापुढें ठेवावयाची. बोलावें कसें याइतकेंच, थांबावें कोठें हेंही त्याला शिकावें लागतें.

प्रत्येक रोगी आठवड्याचा एक लहानसा संकल्प सोडतो. ‘आतां व्यायाम करीन’ एवढें म्हणून भागत नाहीं. काय, किती, केव्हां आणि किती दिवस, हें सांगावें लागतें. मग चालक विचारतो, ‘हें पार पडेल अशी तुम्हांला दहापैकीं किती खात्री वाटते?’ उत्तर सातांहून कमी आलें, तर संकल्पच आटोपशीर करावयाचा. पुढच्या आठवड्यांत तो फसला असें कळलें तरी दोष न देतां वाट शोधावयाची.

याचें मर्म स्टॅनफर्डचेच मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या १९७७ सालच्या सिद्धांतांत सांपडतें. ‘हें मला जमेल’ हा विश्वास, आपल्यासारख्याच दुसऱ्याला तें जमलेलें पाहून वाढतो. निरोगी माणसाच्या उपदेशांत हें सामर्थ्य कोठून येणार?

इंग्लंडमध्यें सरकारी आरोग्यखात्यानें २००२ पासून असे वर्ग चालवून पाहिले. त्यांच्या परीक्षणाचा निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाला. रोग्यांचा आत्मविश्वास आणि उत्साह वाढला होता. डॉक्टरकडील खेपा मात्र घटल्या नव्हत्या. तेव्हां खर्च वांचविण्याची युक्ति म्हणून याकडे पाहणाऱ्यांची निराशाच व्हावयाची. समदुःखी सोबती डॉक्टरची जागा घेत नाहीं. त्यानें ती घेऊंही नये.

मग त्याचें मोल कशांत? दीर्घ दुखण्यानें माणूस सदा घेणारा होतो: औषध घ्यावें, सेवा घ्यावी, कींव घ्यावी. ज्या दिवशीं तो शिकून-सवरून दुसऱ्या रोग्यापाशीं बसतो, त्या दिवशीं तो पुन्हां देणारा होतो. दुखणें तेंच राहतें. त्या दुखण्याच्या घरांत माणसाची प्रतिष्ठा मात्र परत येते.