सर्दी-पडसे : घरचा काढा आणि श्वासाची मोजणी

निफाडच्या परिसरात थंडीचा कडाका वाढला की पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि घराघरांतून आल्याचा काढा उकळू लागतो. या काढ्याची उपेक्षा करण्याचे कारण नाही. मात्र त्याच्याकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

सर्दी विषाणूंमुळे होते. हे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे असून प्रतिजैविकांचा त्यांवर काहीही परिणाम होत नाही. बहुधा सात ते दहा दिवसांत शरीर स्वतःच त्यांचा निकाल लावते. काढाही विषाणू मारीत नाही. गवती चहा, तुळस, आले घातलेले गरम पाणी घसा शेकते, नाक मोकळे करते आणि अन्नावरची वासना उडालेल्या रुग्णाच्या पोटात चार घोट पाणी जाते. हे काम थोडे नव्हे. मोठ्यांनी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्यास घशाची खवखव कमी होते.

बांधावरच्या अडुळशाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यातील वासिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे आधुनिक औषध तयार झाले. पण याच द्रव्याने गर्भाशय आकुंचन पावू शकते. म्हणून गरोदर स्त्रीला अडुळसा देऊ नये. झाडपाल्याचे औषध निरुपद्रवीच असते, ही समजूत खरी नाही.

मधाचेही तसेच. वर्षावरील मुलाला रात्री अर्धा चमचा मध दिल्यास खोकल्याची उबळ कमी होते. वर्षाखालील बाळाला मात्र मध मुळीच चाटवू नये, गुटीतूनही नाही. त्यातील विशिष्ट जंतूंची बीजे बाळाच्या आतड्यात रुजून स्नायू लुळे पडण्याचा धोका असतो. तान्ह्याच्या नाकात तेल सोडणे आणि बंद खोलीत धुरी देणे या चालीही सोडल्या पाहिजेत. त्याला आईचे दूध वारंवार पाजावे आणि ऊब द्यावी.

बाटलीतील औषध अधिक सुरक्षित, असेही नाही. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या विषारी औषधाने अनेक बालके दगावली. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सामान्यतः टाळावीत, असे कळविले.

खरी जोखीम आहे ती न्युमोनियाला सर्दी समजून काढ्यावर दिवस काढण्यात. तो ओळखण्यास घड्याळ पुरते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल पाहून श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचे ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास भरल्यास तो धोक्याचा इशारा होय. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील कार्यकर्ते व दाया यांना ही मोजणी शिकविली. त्यातून न्युमोनियाने होणारे बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. सुरगाणा, पेठ यांसारख्या तालुक्यांतील दूरच्या पाड्यांवर शिक्षकांनी व ग्रामपंचायत सदस्यांनी आशा सेविकेच्या साहाय्याने ही मोजणी मातांना करून दाखवावी.

श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.