माशीचा झाला मासा, माकड झालं जमीनदार

आजच्या भागात दोन प्राणी: आपल्या धाराशिवचं माकड आणि कॅलिफोर्नियातली बंबलबी. बंबलबी म्हणजे केसाळ, गुबगुबीत मधमाशी, आपल्या काळ्या भुंग्याच्या नात्यातली. भारतात ती हिमालयाकडे सापडते. दोघांत साम्य काय? २०२२ साली दोघंही कागदांमुळे बातमीत आले.

आधी माकड. गाव उपळा, जिल्हा धाराशिव. ऑक्टोबर २०२२ मध्ये बातमी आली की ग्रामपंचायतीकडच्या कागदांत ३२ एकर जमीन चक्क माकडांच्या नावावर आहे. ही नोंद कुणी, कधी केली, ते गावालाही सांगता येईना. पण माकडांचा मान जुना. पूर्वी लग्न असलं की आधी माकडांना भेट, मग विधी!

आता बंबलबी. कॅलिफोर्नियाच्या संकटग्रस्त जीवांच्या कायद्यात पक्षी, मासे, सस्तन प्राणी वगैरे रकाने आहेत, कीटकांचा रकानाच नाही. पण 'मासा' या शब्दाच्या व्याख्येत पाठीचा कणा नसलेले प्राणीही बसवलेले. बंबलबीच्या चार जातींना संरक्षण द्यायला बदाम उत्पादकांनी हरकत घेतली, आणि ३१ मे २०२२ ला अपील कोर्टाने ठरवलं: या कायद्यापुरती बंबलबी म्हणजे मासा.

मी कोड लिहिणारा माणूस. टेबलमध्ये कॉलम नसला की आम्हीही दुसऱ्याच कॉलममध्ये डेटा कोंबतो. दिसायला बेकार, पण सिस्टिम चालते. 'मासा' शब्द विचित्र, पण त्याच्या मागे कायदा उभा आहे.

उपळ्यात शब्द अगदी बरोबर, माकड म्हणजे माकडच. पण हा मालक कोर्टात जाणार कसा? देवाच्या नावावर जमीन चालते, कारण देवतेला कायदा व्यक्ती मानतो. माकडाला मानत नाही. म्हणजे त्याचा वकील गावच. आणि सरपंचांनीच तेव्हा सांगितलं होतं की माकडं कमी होत होत शंभरेक उरलीत.

त्या जमिनीवर वनखात्याने झाडं लावली. मला नोंदीपेक्षा ती झाडं मोठी वाटतात. कारण आपल्या बांधावरचा भुंगा तर कुठल्याच कागदावर नाही. तो वाळक्या लाकडात भोक पाडून राहतो, वांग्याच्या फुलाला धरून थरथरतो आणि पराग पाडतो. माकडाला फळं आणि कोवळा पाला लागतो. बांधावरचं झाड तोडलं की दोघांचंही गेलं, नाव सरकारदरबारी असो नसो.

तर मंडळी, गावी फोन कराल तेव्हा एवढंच विचारा: आपल्या बांधावर झाडं किती उरलीत? भेटू पुढच्या भागात.